टिरॅनोसॉरस-कुलाचे प्राचीन आप्त : एका कवटीची साक्ष

टिरॅनोसॉरस रेक्स या प्राण्यास ऑस्बर्न यांनी १९०५ मध्ये नाव दिले. क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस सुमारे १२ मीटर लांबीचा हा मांसाहारी कोणत्या वंशातून उत्पन्न झाला, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा दुवा अवघ्या पाच वर्षांनी विद्वानांच्या हाती आला होता; मात्र त्याची खरी ओळख पटण्यास जवळजवळ एक शतक जावे लागले.

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, मिंचिनहॅम्प्टनजवळ जलाशयासाठी खोदकाम झाले, त्यात मध्य ज्युरासिक काळाच्या चुनखडकातून एक कवटी मिळाली. तिची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर असून वय १६ कोटी वर्षांहून अधिक आहे. १९१० मध्ये स्मिथ वुडवर्ड यांनी तिची गणना मेगालोसॉरस या प्रजातीत केली. त्या काळी ओळख न पटलेल्या कितीतरी मांसाहारी डायनोसॉरांना याच नावाखाली आश्रय मिळत असे. तेव्हा त्यांना फारसा दोष देता येणार नाही. पुढे १९२६ मध्ये फॉन ह्युने यांनी (१९३३ मध्ये मॅटली यांच्यासह जबलपूरच्या डायनोसॉरांचे वर्णन करणारे तेच हे पंडित) तिच्या नाकावरील उंचवटा पाहून हा प्राणी शृंगधारी सेराटोसॉरसचा पूर्वज ठरविला आणि त्यास ‘प्रोसेराटोसॉरस’ असे नाव दिले. वस्तुतः खडकातील भेगेमुळे कवटीचा माथा नष्ट झालेला होता; शिल्लक होता तो उंचवट्याचा केवळ पाया. तेवढ्यावर वंशावळ उभारणे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

तो उंचवटा पूर्णावस्थेत कसा असावा याची कल्पना चीनमधील शिंजियांग प्रांतातून आली. शू शिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्णिलेला ग्वानलाँग हा सुमारे तीन मीटर लांबीचा प्राणी. त्याच्या हातांना तीन बोटे होती (टिरॅनोसॉरस रेक्सला कार्यक्षम अशी दोनच), आणि नाकावर पातळ, पोकळ तुरा होता. परंतु वरच्या जबड्याच्या अगदी पुढच्या टोकाचे त्याचे दात आडव्या छेदात इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसतात, आणि हेच टिरॅनोसॉरस-कुलाचे एक लक्षण होय. २०१० मध्ये राउहुट, मिल्नर व मूर-फे यांनी इंग्लंडमधील कवटीची क्ष-किरणांच्या साहाय्याने पुनर्तपासणी केली. नाकपुड्यांची विलक्षण लांबी, तुऱ्याचा नाकाच्या अग्रभागीच होणारा आरंभ इत्यादी लक्षणे ग्वानलाँगशी जुळली आणि प्रोसेराटोसॉरस आपल्या खऱ्या कुलात दाखल झाला. नाव मात्र नियमानुसार तेच राहिले. ते आता चुकीचा वंश सुचविते एवढेच!

या कुलातील आरंभीचे प्राणी बहुतांशी लहानच होते. लिआओनिंगमधील डिलाँग (२००४) जेमतेम दीड मीटरचा. त्याच्या अंगावर तंतुमय पिसांचे ठसे आढळले. त्याच प्रांतातील युटिरॅनस (२०१२) मात्र नऊ मीटरचा व पिसेधारी असल्याने, देहवृद्धी एकाच सरळ रेषेत झाली असे मानता येत नाही.

उझबेकिस्तानातील तिमुरलेंगिया (२०१६) याची साक्ष याहून मोलाची आहे. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी घोड्याएवढाच होता. तथापि त्याच्या मेंदूच्या पोकळीची व अंतर्कर्णाची रचना नंतरच्या महाकाय आप्तांशी मिळतीजुळती आहे. अंतर्कर्णाचा लांब मार्ग मंद्र ध्वनी ऐकण्यास उपयुक्त असावा. म्हणजे तीक्ष्ण ज्ञानेंद्रिये आधी व प्रचंड देह नंतर, असा क्रम संभवतो. परंतु तिमुरलेंगियाची अस्थी सुटी-सुटी, निरनिराळ्या प्राण्यांची मिळालेली आहेत, आणि हा क्रम मुख्यतः मेंदूभोवतीच्या एका अस्थिखंडावर आधारलेला आहे. ह्युने यांच्या हाती तरी कवटीचा बराच मोठा भाग होता.