महाराष्ट्रातील वंशावळ संशोधन

वंशावळ संशोधन म्हणजे एखाद्या कुटुंबातील पूर्वजांची नावे, त्यांचे परस्परांशी असलेले नाते आणि त्यांचे मूळ गाव लेखी व मौखिक पुराव्यांच्या आधारे निश्चित करणे. महाराष्ट्रात यासाठी लागणारी बरीच साधने विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात उपलब्ध आहेत. कौटुंबिक जिज्ञासेखेरीज वारसहक्क आणि जात पडताळणी यांसाठीही वंशावळ आवश्यक ठरते.

कायदेशीर महत्त्व

जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्जदाराला वंशवृक्ष शपथपत्रासह सादर करावा लागतो. अर्जदाराच्या पूर्वजांची जात व वास्तव्य यांबाबत मानीव दिनांकापूर्वीचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात. हा दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. पणजोबांची जुनी नोंद सापडली, तरी त्यांच्यापासून अर्जदारापर्यंतचा एखादा दुवा सिद्ध न झाल्यास तिचा उपयोग होत नाही.

प्रमुख साधने

* मौखिक माहिती : संशोधनाचा आरंभ घरातील वडीलधाऱ्यांपासून होतो. मूळ गाव, कुलदैवत, जुने आडनाव, स्थलांतर आणि सोयरीक यांची माहिती पुढील शोधाची दिशा ठरवते.
* शाळेची जनरल रजिस्टरे : यांत विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ व बहुधा जात नोंदलेली असते. जुन्या नोंदींतील जन्मतारखा अनेकदा अंदाजे असतात.
* जन्म-मृत्यू नोंदी : गाव नमुना १४ किंवा ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाणारी जुनी नोंदपुस्तके सामान्यतः तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात.
* जमिनीचे अभिलेख : सातबारा उतारा महाभूलेख संकेतस्थळावर पाहता येतो. वंशावळीसाठी मात्र फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) अधिक उपयुक्त असते. खातेदाराच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीतून एका पिढीचा पुढच्या पिढीशी संबंध थेट दिसतो. स्कॅन केलेले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर शोधता येतात.
* तीर्थोपाध्यायांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबकेश्वर आदी तीर्थक्षेत्री उपाध्याय आपल्या यजमानांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. गाव व आडनाव सांगितल्यावर ती शोधली जाते. दक्षिणा देण्याचा प्रघात आहे. भारतातील अशा काही वह्यांच्या प्रतिमा ‘फॅमिलीसर्च’ या विनामूल्य संकेतस्थळावर आहेत.
* कुलवृत्तांत : काही घराण्यांनी आपले वंशवृक्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. ते जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत आढळतात.

लिपी व परिभाषा

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक नोंदी मोडी लिपीत आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील जुने दप्तर मोठ्या प्रमाणात उर्दूत आहे. जुन्या कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ या शब्दापुढे वडिलांचे, तर ‘कोम’ या शब्दापुढे पतीचे नाव येते. इसवी सन काढण्यासाठी शालिवाहन शकात ७८ किंवा ७९, दख्खनी फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवतात.

पडताळणी व मर्यादा

नातवाला आजोबांचे नाव देण्याच्या प्रथेमुळे एकाच घराण्यात तीच नावे पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे केवळ नावसाम्यावरून नाते ठरवता येत नाही. गाव, वडिलांचे नाव, जमिनीचा गट क्रमांक आणि काळ यांचा मेळ घालावा लागतो. अलीकडच्या पिढीकडून मागे, एकेक दुवा सिद्ध करीत जाणे ही मान्य पद्धत आहे.

स्त्रियांचा शोध अधिक कठीण असतो. विवाहानंतर आडनाव आणि कित्येकदा नावही बदलत असे, तसेच पारंपरिक वंशवृक्षांत मुलींची नावे बहुधा वगळली जात. वारस नोंदींत पत्नी व मुलींची नावे आढळल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते. भूमिहीन कुटुंबांच्या बाबतीत जमिनीच्या अभिलेखांचा आधार नसल्याने शाळेच्या व जन्म-मृत्यूच्या नोंदींवरच मुख्यतः विसंबावे लागते.