शाल्मली कुल
(लॅ. बाँबॅकेसी). फुलझाडांपैकी द्विदलिकित वनस्पतींच्या भेंडी गणातील (माल्व्हेलीझमधील) मुख्यतः उष्ण कटिबंधीय वृक्षांचा एक समूह. काटेसावर, पांढरी सावर (शाल्मली), गोरखचिंच, बाल्सा इ. सुपरिचित वृक्ष यात मोडतात. पूर्वी यास स्वतंत्र कुलाचा दर्जा असून त्यात २०–३० वंश व १८०–२५० जाती अंतर्भूत करीत. हल्ली बहुतेक वनस्पतिविज्ञ हा समूह भेंडी कुलातील (माल्व्हेसीमधील) एक उपकुल (बाँबॅकॉइडी) मानतात. बहुसंख्य जाती अमेरिकेच्या उष्ण भागांतील असून थोड्या आफ्रिका, मादागास्कर, आशिया व ऑस्ट्रेलिया येथे आढळतात.

सामान्य लक्षणे : बहुतेक जाती मोठे पानझडी वृक्ष आहेत. खोड जाड, लाकूड हलके व मऊ. काहींच्या खोडात पाण्याचा साठा असतो व ते पिंपाप्रमाणे फुगलेले दिसते. सालीत बळकट तंतू व ऊतकांत श्लेष्मल (बुळबुळीत) द्रव्य असते. पाने एकाआड एक, बहुधा हस्ताकृती संयुक्त, क्वचित साधी. उपपर्णे लवकर गळून पडतात. फुले मोठी, द्विलिंगी, नियमित व पंचभागी. अनेक जातींत ती निष्पर्ण अवस्थेत येतात. संदले जुळलेली, पाकळ्या पाच व कळीत पिळवटलेल्या. केसरदले पाच ते असंख्य, तळाशी जुळून त्यांची नळी वा जुडगे बनते. परागकोश प्रायः एककोशिक. परागकण गुळगुळीत किंवा जाळीदार पृष्ठाचे. किंजपुट बहुधा ऊर्ध्वस्थ, दोन ते पाच कप्प्यांचा. फळ सामान्यतः बोंड असून अनेक वंशांत बिया रेशमासारख्या तंतूंत गुरफटलेल्या असतात. कापसाचे तंतू बीजावरणापासून निघतात. सावरीचे तंतू मात्र फळाच्या आतील भित्तीपासून निघतात व बीजास पक्के चिकटलेले नसतात. ते आखूड, गुळगुळीत व ठिसूळ असल्याने त्यांचे सूत नीट निघत नाही. म्हणून उशा व गाद्या भरण्यास त्यांचा उपयोग करतात.

जातींची ओळख : केवळ काट्यांवरून किंवा कापसावरून या वृक्षांची ओळख पटविणे धोक्याचे असते. काटेसावरीच्या (बाँबॅक्स सिबा) कोवळ्या खोडावर शंक्वाकृती काटे असतात. परंतु जुन्या वृक्षाच्या बुंध्यावरील काटे पुष्कळदा झिजून नाहीसे होतात. उलट पांढऱ्या सावरीच्या (सिबा पेंटँड्रा) कोवळ्या खोडावरही काटे असू शकतात. पाने दोहोंची हस्ताकृती संयुक्त असतात. अशा वेळी फूल तपासणे आवश्यक ठरते. काटेसावरीचे फूल मोठे, मांसल व बहुधा लाल असून केसरदले अनेक व जुडग्यांत विभागलेली असतात. पांढऱ्या सावरीची फुले लहान, मळकट पांढरी व झुबक्यांनी येणारी असून केसरदले फक्त पाच असतात. ‘पेंटँड्रा’ या लॅटिन गुणनामाचा अर्थही हाच आहे. बाँबॅक्स इन्सिग्नी या जातीत केसरदलांची संख्या काटेसावरीच्या कित्येक पट, शेकड्यांनी असते.

गोरखचिंचेचे (अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटॅटा) खोड प्रचंड घेराचे व काटेरहित असते. लांब देठावर लोंबणारी पांढरी फुले, न तडकणारे कठीण फळ आणि तंतूंऐवजी पिठूळ, आंबट गर या लक्षणांनी ती चटकन ओळखता येते. ही मूळची आफ्रिकेतील असून भारतात फार पूर्वी आणली गेली.

महाराष्ट्रातील डोंगराळ भागात आढळणारी सोनसावर वा गणेरी (कॉक्लोस्पर्मम रिलिजिओसम) नावाने सावर असली, तरी ती या समूहातील नाही. तिच्या बियांवर कापूस असतो. पण पाने साधी व हस्ताकृती खंडित, फुले पिवळी आणि परागकोश द्विकोशिक व छिद्रांनी उघडणारे असतात. लिनीअस यांनीही तिचा समावेश बाँबॅक्स या वंशातच केला होता. यावरून बाह्य साम्य किती फसवे असू शकते, हे ध्यानात येते.

नामकरण : लिनीअस यांनी १७५३ मध्ये बाँबॅक्स वंशाचे वर्णन केले. त्यांच्या बाँबॅक्स सिबा या नावाखाली भारतीय व अमेरिकी वृक्षांच्या माहितीची सरमिसळ झाल्याने ते नाव नेमके कोणास लावावे, याबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. परिणामी काटेसावरीस बाँबॅक्स मलबॅरिकम व साल्मलिया मलबॅरिका अशीही नावे मिळाली. पैकी दुसरे ‘शाल्मली’ या संस्कृत नावावरून घेतलेले आहे. जुन्या व नव्या ग्रंथांतील ही तिन्ही नावे एकाच वृक्षाची आहेत, हे न जाणल्यास वाचकाचा गोंधळ होतो.

वर्गीकरण : बेंथॅम व हूकर यांनी (१८६२–८३) हा समूह भेंडी कुलातच ठेवला होता. एंग्लर यांच्या पद्धतीत त्यास स्वतंत्र कुल मानले गेले आणि हचिन्सन व क्राँक्विस्ट यांनीही तेच स्वीकारले. वृक्षासारखी वाढ व परागकणांवर काट्यांचा अभाव ही विभाजनाची प्रमुख कारणे होत. तथापि मध्यवर्ती लक्षणे धारण करणाऱ्या वंशांमुळे दोहोंमधील सीमा नेहमीच अस्पष्ट राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए-क्रमांच्या तुलनेवरून असे दिसून आले की, शाल्मली, कुलू व परुषक ही कुले परंपरागत मर्यादांत नैसर्गिक ठरत नाहीत. म्हणून १९९८ साली आवृतबीज जातिवृत्त गटाने ती सर्व विस्तृत भेंडी कुलात एकत्र केली. संवर्ताच्या आतील बाजूस असलेले मधुस्रावी प्रपिंडीय केस हे त्यांना जोडणारे एक महत्त्वाचे लक्षण आहे. ड्यूरियन व दक्षिणेकडील पश्चिम घाटातील क्युलेनिया यांची पाने साधी असून त्यांच्या खालील पृष्ठावर खवले असतात; पूर्वी शाल्मली कुलात गणलेले हे वंश आता मुरुडशेंगेच्या उपकुलात (हेलिक्टेरॉइडीमध्ये) घालतात.

दर्जा बदलला तरी काटेसावर व तिचे निकटचे आप्त यांचा गट अबाधित आहे. क्षेत्रीय ओळखीची लक्षणेही उपयुक्तच आहेत. मात्र एखाद्या लक्षणामुळे वृक्ष ओळखता आला, तरी त्यावरून त्याचे आप्तसंबंध सिद्ध होत नाहीत, हा भेद या समूहाच्या इतिहासातून स्पष्ट होतो.