म्हातारीचा भोपळा आणि वाट पाहण्याचे बळ

मराठी घरांतील मुलांच्या कानावर अगदी आरंभी जी अद्भुत गोष्ट पडते, तिची नायिका एक म्हातारी असावी, हे वरवर पाहता नवलाचे आहे. युरोपातील परीकथांचे नायक बहुधा कोवळ्या वयाचे असतात. विवाह झाला अथवा राज्य मिळाले की कथा संपते. जे. एम. बॅरी यांचा, १९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर अवतरलेला पीटर पॅन तर मोठे होण्यासच नकार देतो. भोपळ्यातील म्हातारीचा संसार मात्र केव्हाच आटोपला आहे. अंगात त्राण नाही, आणि जंगल ओलांडून लेकीच्या गावी जायचे आहे. असे असूनही ही कथा वार्धक्याची नाही. ती मोठे होण्याची आहे.

कथा सर्वपरिचित आहे. वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो. आता माझ्या अंगावर नुसती हाडे आहेत, लेकीकडे चार दिवस धड खाऊन परतते, मग खा, असे सांगून म्हातारी सुटका करून घेते. परतीच्या वेळी लेक तिला भोपळ्यात बसवून देते. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० सालच्या ‘टुनटुनीर बोई’ या बंगाली संग्रहात हीच कथा थोड्याफार फरकाने आढळते. इराणमधील मुलांनाही भोपळ्यातून घरंगळत जाणारी म्हातारी ठाऊक आहे. इतक्या दूरदूरच्या आज्यांनी जी कथा जतन केली, तिच्यात निव्वळ करमणुकीपलीकडचे काही असले पाहिजे.

म्हातारी आणि मूल दोघेही दुर्बळ, दोघेही परावलंबी. मुलाला नायिकेचे वय परके वाटत नाही, कारण तिची स्थिती त्याच्या ओळखीची असते. लोककथा मुलाच्या मनातील अनामिक भयाला रूप देते आणि त्या भयातून पार होता येते असा दिलासाही देते, असे प्रतिपादन ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९७६ साली केले. त्यांची सर्वच मते आज जशीच्या तशी मान्य होत नाहीत. पण एवढा मुद्दा टिकणारा आहे. फ्रॉइडने १९११ साली सुखतत्त्व आणि वास्तवतत्त्व असा भेद केला होता. हवे ते आत्ताच हवे, हा वाघाचा हट्ट प्रत्येक मुलात असतो. त्या हट्टाला ‘उद्या’ हा शब्द शिकविणे, म्हणजेच मोठे होणे.

परंतु या कथेत ‘उद्या’ म्हणणारी एक आणि त्या शब्दावर थांबणारे दुसरे आहेत. वाघाने हातचे भक्ष्य सोडून अधिक मोठ्या भक्ष्याची वाट पाहिली. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याने तारणाविना उधारी दिली आणि ती बुडाली. म्हातारीचा ‘उद्या’ मात्र फळाला आला, कारण जंगलापलीकडे लेकीचे घर खरोखरच होते. तेव्हा वाट पाहणे हा काही स्वयंसिद्ध सद्गुण नव्हे. ज्याच्यासाठी थांबायचे ते ठिकाण खरे असले, तरच थांबण्यात शहाणपण आहे.

मानसशास्त्रालाही हे कळावयास काळ लागला. स्टॅनफर्ड येथे १९७० च्या सुमारास वॉल्टर मिशेल यांनी बालवाडीतील मुलांपुढे एक गोळी आता की दोन थोड्या वेळाने, असा पर्याय ठेवला. जी मुले थांबली ती पुढे शिक्षणात सरस ठरली, असे निष्कर्ष निघाले आणि संयमाचा डंका पिटला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात ज्या मुलांना मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द मोडला होता, ती सरासरी तीन मिनिटे थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती बारा मिनिटे. २०१८ साली अधिक मुलांची पाहणी झाली, तेव्हा घरची सांपत्तिक स्थिती व वातावरण हिशेबात घेताच संयमाचा तो प्रभाव बराच ओसरला.

किनवट तालुक्यातील इस्लापूरच्या परिसरात या कथेचे जंगल काल्पनिक राहत नाही. सागवानाची राने आहेत, पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा जवळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होते. या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी आणि गोरमाटी बोलणारी घरे आहेत. अशा घरांतील मूल शाळेत येते, तेव्हा प्रमाण मराठी हेच त्याचे पहिले जंगल असते. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. वर्गात ही कथा आधी मुलाने आजीच्या बोलीत सांगितली, तर ते धोरण एका तासापुरते तरी प्रत्यक्षात येईल.

मराठवाड्यातील मजुरांचे हंगामी स्थलांतर हा प्रश्न याहून बिकट आहे. आईबाप ऊसतोडीला वा शहराकडे निघाले की मूल एक तर त्यांच्यामागे जाते, नाही तर आजीपाशी राहते. शिकलास तर पुढे चांगले दिवस येतील, हा शब्द त्याला अनेकदा दिला गेलेला असतो आणि अनेकदा मोडलेलाही असतो. असे मूल शाळा सोडते, तेव्हा त्याच्यात चिकाटी नाही असा शेरा मारणे सोपे. पण न्याय्य नव्हे. घरात शब्द पाळण्याची ऐपतच नसेल, तर चिकाटी येणार कोठून?

मुलींच्या बाबतीत तर कथेचा अर्थ अधिकच बोचरा होतो. कथेतील लेक आईला पोटभर खाऊ घालू शकते, भोपळ्याची युक्ती लढवू शकते; तिच्या घरात तिचा शब्द चालतो. अठराच्या आत विवाह लावणे कायद्याने गुन्हा असूनही पंधराव्या वर्षी जिला सासरी धाडले जाते, ती ही लेक कशी होणार? तिला मोठे होण्याआधीच मोठे ठरविले जाते.

म्हातारी वाघाला फसविते, हे मुलांना सांगावे काय, अशी शंका काही शिक्षक घेतात. जीव घेण्याच्या धाकाने वदवून घेतलेले वचन आणि विश्वासाने दिलेले वचन यांतील भेद मुलांना उमगतो. वाघ फसला की ती निर्धास्त हसतात. त्यांना फसवते ते मोठ्यांनी आपखुशीने दिलेले आणि न पाळलेले वचन. म्हणून शाळेतील दुपारचे जेवण वेळेवर व पोटभर मिळणे, हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी उघडणे आणि आश्रमशाळेत शिक्षक हजर असणे, ही कामे शिक्षणाच्या मूळ कार्यक्रमात मोडतात. मुलांनी थांबावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार समाजाला त्यानंतरच पोहोचतो.