रडारवरचा ढग आणि तळमजल्याचा गाळा

पावसाचा अंदाज हा पूर्वी आमच्याकडे चेष्टेचाच विषय. रेडिओवर ‘तुरळक सरी’ ऐकल्या की म्हातारी माणसे हमखास छत्री शोधू लागत! आता ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये रंगीत नकाशा आहे आणि चेष्टेची जागा गोंधळाने घेतली आहे. चार ॲप्स, चार भाकिते. ऐकायचे कुणाचे?

निजामपुऱ्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. तळमजल्याच्या गाळ्यात यंत्रमाग, जमिनीलगत मोटारी, कोपऱ्यात सूत आणि विणून तयार झालेले तागे. कामवारी नदी फुगली की भिवंडीच्या सखल भागात पाणी शिरते. शेजारचे कारखानदार चाचा मग जिन्याखालून हाक देतात, ‘‘मास्तर, तुमचा नकाशा काय म्हणतो? पोरांना माल वर चढवायला लावू?’’ उगाच लावले तर रात्रपाळी बुडते, न लावावे तर माल भिजतो.

म्हणून कुठलेही ॲप घेताना मी आधी एकच पाहतो : समोरचे चित्र रडारचे, की संगणकाने मांडलेल्या गणिताचे? परदेशी ॲप्सवरचे ते देखणे, सरकते पट्टे पुष्कळदा गणितच असतात. उद्या-परवाच्या तयारीला ते ठीक; पुढच्या तासाभरासाठी खरे रडारच हवे. रडारने सोडलेल्या लहरी थेंबांवर आपटून परततात, त्यावरून पावसाचा जोर समजतो. डॉप्लर रडारला शिवाय थेंब जवळ येताहेत की लांब जाताहेत, हेही कळते. 26 जुलै 2005 च्या त्या भयंकर पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला सुमारे 73! तेव्हा मुंबईला डॉप्लर रडार नव्हते. पुढे कुलाब्याला ते आले, आणि 2022 मध्ये जोगेश्वरीच्या वेरावलीला दुसरे. तिथून भिवंडी सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ही चित्रे फुकट पाहता येतात. दिसायला ओबडधोबड, पण माझा भरवसा त्यांच्यावरच.

चित्रावरची वेळ मात्र आधी वाचावी. ती जागतिक वेळ असेल तर साडेपाच तास मिळवायचे; नाहीतर सरून गेलेल्या ढगाला माणूस घाबरत बसतो. एका चित्रावर विसंबू नये, लागोपाठची तीन-चार पाहावीत, म्हणजे ढग कुठे निघालाय ते दिसते. जुलैत नजर समुद्राकडे ठेवावी. वळवाचा मात्र उलटा न्याय : मे महिन्यातले ते गडगडणारे ढग बहुधा मुरबाड-शहापूरकडून, सह्याद्रीच्या अंगाने येतात. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ निराळे ठेवावे. आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटरांतल्या विजेची सूचना ते देते. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला मुलांना पाठवण्यापूर्वी प्रत्येक आईने ते उघडावे.

एक गोष्ट मात्र कुठलेच रडार सांगत नाही : भरती. कामवारी वसईच्या खाडीला मिळते, आणि खाडी भरलेली असली की नदीचे पाणी ओसरायला जागा उरत नाही. त्यासाठी मी अजून भिंतीवरचे कॅलेंडरच पाहतो. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या. चाचांना तो तोंडपाठ आहे. नकाशावर लाल ठिपका दिसला, की ते आधी विचारतात, ‘‘मास्तर, आज तिथी कोणती?’’