पाठीवरची पखाल

उमरखेडहून ढाणकी, विडूळ, मुळावा या बाजूंना सायकलने जायचे म्हटले, की उन्हाळ्यात पहिला प्रश्न पाण्याचा. विदर्भात वैशाखात पारा ४२-४५ अंशांवर चढतो. पिशवीतली बाटली काढायला दर वेळी उतरावे लागते, मग पोरी तहान मारतात. घसा कोरडा, डोके जड, आणि पुढे भोवळ! यावर एक सोय आहे, पाण्याच्या जाकिटाची. आपल्याकडे पखाल आणि मसक होती, त्याच जातीची ही वस्तू.

तिचा जन्म मोठा गमतीचा. १९८९ साली अमेरिकेत टेक्सास प्रांतात, विचिटा फॉल्स गावी, भर उन्हात १०० मैलांची सायकल फेरी होती. मायकेल आयडसन या रुग्णसेवकाने सलाइनच्या पिशवीत पाणी भरले, ती लांब मोज्यात घालून सदऱ्याच्या पाठीला टाचली, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवली. हात न सोडता पाणी पिता आले. आज दुकानात मिळते ते याचेच सुधारलेले रूप.

आता निवड कशी करावी? पुरुषी मापाचे जाकीट बाईमाणसाला सहसा नीट बसत नाही. खांदे अरुंद, पाठ आखूड, म्हणून पट्टे घसरतात आणि छातीवर काचतात. बायकांच्या जाकिटाचे पट्टे छातीच्या कडेने वळवलेले असतात. पुढचे आडवे पट्टे वरखाली सरकणारे हवेत. घेताना छातीचा घेर टेपने मोजून घ्या.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागते, तेव्हा दीड लिटरची पिशवी दोन तासांना पुरते. त्याहून मोठी कशाला? आणि शाळा जवळ असेल, तर सायकलच्या दांड्याला बाटली अडकवायची कडी बसवली तरी भागते. पैसा उगाच घालवू नये.

दुकानात पाणी भरूनच जाकीट घाला. हँडल धरल्यासारखे वाका. पाणी मानेकडे सरकते का? मान वळवून मागे पाहता येते का? खोल श्वास घेताना पट्टा आवळतो का? पाठीकडचे कापड जाळीचे असू द्या, घाम वाळतो. नळीचे टोक चिमट्याने अडकवा. ओढणी आणि पदर आत खोचा, नाहीतर चाकात गुंततात. पिऊन झाले की नळीत फुंका. नळीतले पाणी मागे पिशवीत जाते, उन्हात तापत नाही.

पिशवीत सरबत भरू नका, आत काळी बुरशी धरते. रोज धुवा, तोंड उघडे ठेवून उलटी टांगा. आणि एक फार महत्त्वाचे. फवारणीच्या औषधाचा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला कधीही वापरू नये. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली, हे विसरून कसे चालेल?

गुरुजी आणि बाई, शेवटचे तुमच्यासाठी. पुष्कळ मुली पाणी असूनही पीत नाहीत, कारण शाळेत जायला धड जागा नसते. तिथे जाकीट काय करणार? आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायचे! मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे ना, आत पाणी आहे ना, दाराला कडी आहे ना, हे आधी पाहा. वर्गात एकदा मोकळेपणाने विचारा. मग पाठीवरचे पाणी पोटात जाईल.