विमानाची वाट आणि प्रवाशाचे घड्याळ

नांदेडहून छत्रपती संभाजीनगर विमानाने किती लांब आणि वेळ किती लागेल, असे कोणी विचारले तर त्याची उत्तरे दोन. एक नकाशाचे, दुसरे प्रवाशाचे. या दोहोंत गल्लत झाली की ऐन घाईत पैसाही जातो आणि वेळही.

आधी नकाशा घेऊ. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. नांदेडचा विमानतळ १९ अंश ११ कला उत्तर अक्षांश आणि ७७ अंश १९ कला पूर्व रेखांशावर आहे. संभाजीनगरचा, म्हणजे चिकलठाण्याचा, १९ अंश ५२ कला आणि ७५ अंश २४ कलांवर. फरक अक्षांशात ४१ कला, रेखांशात १ अंश ५५ कला. साठ कलांचा एक अंश, हे ध्यानात असू द्या. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो. रेखावृत्ते मात्र ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. म्हणून आपल्याकडे रेखांशाचा एक अंश १०५ किलोमीटरच. तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर ७६ आणि पूर्व-पश्चिम २०१ किलोमीटर. झाला काटकोन त्रिकोण! त्याचा कर्ण निघतो सुमारे २१५ किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर २३५ किलोमीटरांच्या आसपास आहे.

आता वेळ. पंख्याचे लहान विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर जाते. म्हणजे २६ मिनिटे! पण हा वेग वर चढल्यानंतरचा. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, वेग कमी करून उतरणे यांत वीसेक मिनिटे सहज जातात. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असला, तर आणखी तीन मिनिटे. एकूण पाऊण तास धरा.

आणि परभणीकराचे काय? त्याला आधी पूर्वेला नांदेड गाठायचे. घरापासून विमानतळापर्यंत दीड तास. उड्डाणाच्या निदान दीड तास आधी हजर राहायचे. मग ते विमान पश्चिमेला वळून परभणी शहराच्या दहा-बारा किलोमीटर उत्तरेकडून जाणार, म्हणजे जवळजवळ आपल्याच घरावरून! उतरून बाहेर पडायला अर्धा तास. बेरीज सव्वाचार तास. परभणीहून रेल्वे १७७ किलोमीटर. ती साडेतीन तासांच्या आतबाहेर पोहोचवते.

मग विमान कुचकामी का? मुळीच नाही. नांदेड ते मुंबई सरळ अंतर सुमारे ४७० किलोमीटर. वरचे साडेतीन तास तेवढेच राहतात, उड्डाणाचा वेळ फक्त सव्वा तास होतो. पाच तासांत काम. रेल्वेला नऊ तास किंवा त्याहून अधिक. अंतर वाढते तसे विमान परवडत जाते.

घरात दुखणाईत माणूस असो, मुलाची परीक्षा असो, की नोकरीची मुलाखत. तिकिटावरचा वेळ पाहून ठरवू नका. घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामाच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ मांडा, त्या दिवशी विमान आहे का ते विचारा, आणि मग ठरवा.

मुलांसाठी एक उदाहरण. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्याच विमानांत नांदेड–हैदराबाद हे विमान होते. हैदराबादचा विमानतळ १७ अंश १४ कला उत्तर, ७८ अंश २६ कला पूर्व. अंतर काढा. उत्तर २४५ किलोमीटरांच्या जवळपास यायला हवे.