लिमिट अडतं ते बीजगणितात

अ‍ॅशबर्नमधल्या शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात आणि सप्टेंबरच्या मध्याला ओळखीतल्या आईवडिलांचे फोन यायला लागतात. ‘मुलीने एपी कॅल्क्युलस घेतलंय, पहिल्याच युनिटला अडलीय. झेपेल ना तिला?’ पहिलं युनिट म्हणजे लिमिट्स आणि कंटिन्युइटी. मी या वयाच्या मुलांना बरीच वर्षं गणित शिकवते आहे आणि माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ती कॅल्क्युलसपर्यंत अजून पोचलेलीच नाही, ती अडलीय गुणावयवांपाशी.

आमच्या लाउडन काउंटीतला गणिताचा क्रम पाहिला की हे का होतं ते कळतं. अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, मॅथ अ‍ॅनालिसिस आणि मग कॅल्क्युलस. आपल्या घरांत मुलाला सातवीतच अल्जिब्रा वन मिळावं म्हणून धडपड चालते. पण मग गुणावयव शिकायचे बाराव्या वर्षी, पुढचं वर्ष भूमितीत जातं, आणि सोळाव्या वर्षी लिमिटच्या गणितात तेच गुणावयव झटकन पाडता यावे लागतात. लवकर सुरू केलं की पाया आपोआप पक्का होतो, हा पालकांचा समज इथे चुकतो. शिकलेलं हातात खेळतं राहिलं नाही तर ते पुसलं जातं, मग ते सातवीत शिकलेलं असो की नववीत.

आता मुलांच्या समजुती. सगळ्यात घट्ट बसलेली ही: क्षची किंमत घातली, वर शून्य आणि खालीही शून्य आलं, म्हणजे लिमिट नाही. काही जण उत्तर शून्य लिहितात, काही एक. मी तीन गणितं शेजारी शेजारी मांडते. क्ष शून्याकडे जातोय. पहिलं क्ष² ÷ क्ष, दुसरं ५क्ष ÷ क्ष, तिसरं क्ष ÷ क्ष². तिन्हींत शून्य घातलं तर ०/० येतं. पण पहिल्याचं लिमिट ०, दुसऱ्याचं ५, आणि तिसऱ्याचं लिमिट खरोखरच नाही, कारण ते १ ÷ क्ष होतं आणि शून्याजवळ दोन्ही बाजूंना हाताबाहेर जातं. तेव्हा ०/० हे उत्तर नव्हे. काम अजून बाकी आहे, एवढंच ते सांगतं.

कोणतं काम, तेही त्यातच दडलेलं असतं. (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) मध्ये क्ष ३ कडे जातोय. ३ घातल्यावर अंश शून्य झाला, म्हणजे (क्ष − ३) हा अंशाचा अवयव असलाच पाहिजे. महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांनी हा अवयव सिद्धांत शाळेतच केलेला असतो. अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३), खालचा (क्ष − ३) गेला, उरलं क्ष + ३, लिमिट ६.

इथे हुशार मूल थांबतं. ‘पण (क्ष − ३) तर शून्य आहे. मग आपण शून्याने नाही का भागलं?’ हा प्रश्न मला फार आवडतो आणि त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवं. क्ष ३ कडे जातो तेव्हा आपण २.९, २.९९, ३.०१, ३.००१ अशा किमती पाहतो. खुद्द ३ कधीच पाहत नाही. या प्रत्येक ठिकाणी (क्ष − ३) लहान आहे, पण शून्य नाही. म्हणून तो उडवता येतो. मूळचं फंक्शन आणि क्ष + ३ ही दोन्ही तंतोतंत एक नाहीत: पहिल्याच्या आलेखात ३ वर एक भोक आहे. लिमिटला त्या भोकाचं देणंघेणं नाही. उद्या कुणी तिथे मुद्दाम १०० ही किंमत बसवली तरी लिमिट ६ च राहील. लिमिट म्हणजे त्या बिंदूवरची किंमत, हा दुसरा मोठा गैरसमज असा निघून जातो.

या ठिकाणी मी मुलांना भास्कराचार्यांचं एक गणित देते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या ग्रंथांपैकी बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त हे उदाहरण येतं: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं, तर ६३ आले. संख्या कोणती? भास्कराचार्यांचा नियम असा की पुढे क्रिया बाकी असतील तर शून्याने गुणल्यावर लगेच शून्य लिहून मोकळं व्हायचं नाही. शून्य गुणक म्हणून तसाच ठेवायचा, पुढे शून्याने भागायची वेळ आली तर दोन्ही जातात. संख्येची दीडपट, तिची तिप्पट, म्हणजे साडेचार पट ६३, उत्तर १४. याला आजच्या अर्थाने लिमिट म्हणता येत नाही. जवळ जाण्याची काटेकोर व्याख्या एकोणिसाव्या शतकात कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या कामातून घडली. पण किंमत घालण्याची घाई न करता शून्य आणणारा अवयव सांभाळून ठेवायचा, ही शिस्त तीच आहे, आणि ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग आहे असं भास्कराचार्य स्वतः सांगतात.

सगळ्यात धोक्याचा गैरसमज मात्र उत्तर बरोबर आलं की लपून बसतो. एका मुलीने वरचंच गणित मला सोडवून दाखवलं. क्ष² खाली क्ष, एक क्ष उडवला. ९ खाली ३, उरले ३. वजा आणि वजा मिळून अधिक. क्ष + ३, उत्तर ६. शाळेतही कदाचित पूर्ण गुण मिळाले असते. मी तिला (क्ष² + ९) ÷ (क्ष + ३) दिलं आणि म्हटलं, याच रीतीने कर, मग क्षच्या जागी ५ घालून ताडून बघ. तिच्या रीतीने आले ८. खरी किंमत ३४ ÷ ८, म्हणजे ४.२५. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘काकू, मग आधीचं बरोबर कसं आलं?’ योगायोगाने. गुणाकारातला अवयव उडतो, बेरीज-वजाबाकीतलं पद उडत नाही. संख्या घालून ताडून पाहायची ही सवय मी प्रत्येकाला लावते, कारण चूक दाखवायला तिथे माझी गरज उरत नाही.

वर्गमूळ आलं की वेगळीच अडचण. परिमेयीकरण छेदाचंच करायचं, असं मुलांच्या मनात पक्कं असतं. (√(क्ष + ४) − २) ÷ क्ष, क्ष शून्याकडे. इथे वर्गमूळ अंशात आहे, म्हणून अनुबद्ध √(क्ष + ४) + २ ने वर-खाली गुणायचं. अंश होतो क्ष + ४ − ४, म्हणजे नुसता क्ष. छेदातला कंस मात्र फोडायचा नाही. तो फोडला की उडवायचा क्ष दिसेनासा होतो, आणि अर्धी मुलं इथेच हरवतात. उरतं १ ÷ (√(क्ष + ४) + २), लिमिट १/४.

‘कॅल्क्युलेटरवर दिसतंच की,’ असंही ऐकू येतं. क्ष ०.०१ घेतला तर ०.२४९८ येतं, खरं आहे. पण क्षच्या जागी एक भागिले एकावर वीस शून्यं एवढी संख्या घाला. साधा कॅल्क्युलेटर शून्य दाखवेल, कारण ४ मध्ये इतकी बारीक संख्या मिळवली तर त्याच्या लेखी ते ४ च राहतात. शिवाय एपी परीक्षेच्या काही भागात कॅल्क्युलेटर नसतोच.

अपूर्णांकात अपूर्णांक असेल तर समान छेद घ्यायचा. तिथे गैरसमज नसतो, नुसता कंटाळा असतो.

आणि मग बाबा मंडळींचा सल्ला: ‘एल हॉस्पिटल लाव, एका ओळीत सुटेल.’ हे ‘हॉस्पिटल’ म्हणजे मार्की द लोपिताल. त्यांनी १६९६ साली कॅल्क्युलसचं पहिलं छापील पाठ्यपुस्तक काढलं, त्यात हा नियम आला: अंश आणि छेद यांचे वेगवेगळे डेरिव्हेटिव्ह काढायचे आणि त्यांच्या भागाकाराचं लिमिट घ्यायचं. मुळात तो योहान बर्नुली यांचा. नियम खरा आहे, पण ०/० किंवा तशाच अनिश्चित रूपापुरता. क्ष १ कडे जाताना (क्ष + ३) ÷ (क्ष + १) चं लिमिट सरळ २ आहे. डोळे मिटून नियम लावला तर १ येतं. परीक्षेतही अंश आणि छेद दोन्हींचं लिमिट शून्य आहे हे वेगवेगळं दाखवावं लागतं, नुसतं ‘= ०/०’ असं लिहून भागत नाही. मुख्य म्हणजे या नियमाला डेरिव्हेटिव्ह लागतो, आणि डेरिव्हेटिव्हची व्याख्याच एक ०/० चं लिमिट आहे. क्ष² चा ३ पाशी डेरिव्हेटिव्ह काढायचा तर ((३ + ह)² − ९) ÷ ह, ह शून्याकडे. वर्ग फोडा, ९ जातात, उरलेल्या ६ह + ह² मधून ह बाहेर काढा, खालच्या ह बरोबर उडवा: ६ + ह, म्हणजे ६. ऑक्टोबरात वर्ग इथे पोचतो, तेव्हा ज्या मुलाने सप्टेंबरभर अवयव पाडलेत त्याला यात नवीन काहीच वाटत नाही.